चर्चच्या अंगणातलं निंदण

मुलगी नर्स होऊन इंग्लंडला गेली आणि चार वर्षांनी तिनं मला तीन महिन्यांसाठी तिकडं बोलावून घेतलं. मी वरवट बकालचा शेतकरी. कांदा, मिरची आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, यांच्यातच माझी साठ वर्षं गेली. मुलगी सहा वर्षांची असताना तिची आई वारली. माझ्या थोरल्या वहिनीनं, तिच्या मोठ्या आईनं, तिला वाढवलं, आणि तिला नर्सिंगला पाठवायचा हट्टही वहिनीचाच. विमानाचं तिकीट आलं तेव्हा माझा पाय निघत नव्हता. उन्हाळी कांदा नुकताच काढून झाला होता, वावर मोकळं पडलं होतं, पण मोकळ्या वावरातही रोज एक चक्कर मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. वहिनी म्हणाली, "जा भाऊजी. पोरगी एकटी आहे तिकडे. वावर काई पळून नाई जात."

मुलीचं गाव मँचेस्टरपासून रेल्वेनं तासाभरावर. काळपट दगडाची एकसारखी घरं, मागं टेकड्या, त्यांवर मेंढ्या, आणि मधूनच एखाद्या बंद पडलेल्या कापडगिरणीची उंच चिमणी. मुलगी सकाळी साडेसहाला निघायची ती संध्याकाळी आठनंतर यायची. तोवर मी दोन खोल्यांत. पहिले आठ दिवस मी नुसता फिरलो, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. फरशी पुसली. डबे काढून पुन्हा लावले. ती म्हणाली, बाबा, माझं मीठ कुठं गेलं. मग डब्यांनाही हात लावणं बंद झालं.

हाताला काम नसलं की माझी बोटं आपोआप हलत राहतात. हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. टीव्हीपुढं बसलो की उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासत असायचा, जसं आपण मुळाची माती झटकतो तसा. रोज सकाळी वहिनीला व्हिडिओ कॉल करायचो. ती फोन वावरात घेऊन जायची, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, फिरवून दाखवायची. तेवढा वेळ बरं वाटायचं. फोन ठेवला की आधीपेक्षा वाईट.

मुलीनंच सुचवलं की बाहेर फिरत जा. रस्ते दाखवले, घराचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवला, आणि फोनमध्ये एक सोय करून दिली. आपण मराठीत बोललं की फोन तेच इंग्रजीत बोलून दाखवी. माझं इंग्रजी दहावीपुरतं, तेही विसरलेलं. पण फोनला आमची बोली कळेना. "मले" म्हटलं की तो भलतंच काहीतरी बोले. मग मी त्याच्याशी शाळेतल्या गुरुजींसारखं "मला", "तुम्हाला", "आहे" असं नीट बोलायला लागलो.

तिसऱ्या आठवड्यात चालता चालता मी एका चर्चपाशी आलो. दगडी, जुनं, टोकदार कमानीच्या खिडक्या, आणि भोवती थडग्यांचं अंगण. अंगणाकडं पाहूनच माझा जीव खालीवर झाला. थडग्यांच्या मधून गुडघाभर गवत, काट्याच्या वेली, एका दगडावर तर नाव दिसेना इतकं रान माजलं होतं. आमच्याकडं असं वावर कुणी ठेवलं तर लोक हसतील. मी म्हटलं, आत जाऊन घटकाभर बसू. देवाचं घर, कुणी हाकलणार नाही. दाराशी बूट काढले, बाजूला नीट लावले, आणि मोज्यांनी आत गेलो.

आत अंधूक उजेड होता. रंगीत काचांतून निळा-तांबडा प्रकाश लाकडी बाकांवर पडलेला. समोर उंच, जिथं देव असायला पाहिजे तिकडं पाहून मी हात जोडले, डोळे मिटले, आणि घरच्या सगळ्यांचं नाव घेतलं. डोळे उघडले तेव्हा तिथं एक लांबलचक काउंटर होतं. त्याच्यावर चिनी मातीच्या मुठीचे उभे दांडे होते आणि मागं काचेचे गिलास उलटे टांगलेले. एक पन्नाशीची बाई काउंटरवर फडकं मारता मारता थांबून माझ्याकडं बघत होती. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं. हसली नाही. हे मला तिचं फार बरं वाटलं.

फोन काढला. गुरुजींच्या मराठीत म्हणालो, हे चर्च आहे का. फोननं विचारलं. ती म्हणाली, होतं. येणारे लोक कमी झाले, चर्च बंद पडलं, इमारत विकायला निघाली, आणि तिनं आणि तिच्या नवऱ्यानं तिथं पब काढला. नवरा पुढं सोडून गेला, पब राहिला. एवढं सगळं फोननं मला एका दमात सांगितलं, बाईच्या तोंडातून आलेलं, पण फोनच्या थंड आवाजात.

मी निघायला पाहिजे होतं. पण ती बाई काउंटरच्या बाहेर आली आणि मला खूण करून एका बाजूच्या खोलीत घेऊन गेली. पूर्वी पाद्री तिथं कपडे बदलायचे म्हणे. आता तिथं पिंपं आडवी ठेवलेली होती, ओळीनं, खाली लाकडी पाचरी लावून. खोली थंड, दगडी. तिनं सांगितलं की ही बियर जिवंत असते. पिंपात भरल्यावरही ती आतल्या आत आंबत राहते, गाळ खाली बसायला दोन दिवस द्यावे लागतात, उगाच हलवली तर बिघडते. गॅस नाही, बर्फ नाही. काउंटरवरचा दांडा ओढायचा, आणि ती पिंपातून वर येते. तिनं ओढून दाखवलं. आपल्याकडच्या हापशीसारखंच होतं ते.

त्या खोलीतला वास मला ओळखीचा वाटला. भिजलेलं धान्य, ओलं कुटार, म्हणजे भुसकट, थोडा गुळाचा आंबूसपणा. आणि त्याच्या आत, अगदी खाली, माझ्या भावाच्या सदऱ्याचा वास. मी पटकन बाहेर आलो, बूट हातात घेतले आणि गल्लीच्या वळणावर जाऊन ते घातले.

माझा थोरला भाऊ दारूनं गेला. आमच्या घरात तोच हुशार, तोच हसरा. संग्रामपूरच्या बाजारात मिरची विकायला तो उभा राहिला की बायका आधी त्याच्याकडं येत, गंमत ऐकायला. मग हळूहळू तो बाजारातून उशिरा यायला लागला, मग दुसऱ्या दिवशी, आणि शेवटी त्याला आणायला मलाच जावं लागे. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. शेवटचे दोन महिने तो अंगणात खाटेवर पडून असायचा आणि माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, तिच्या या मोठ्या बाबांच्या तोंडात चमच्यानं पाणी घालायची. तो गेला त्याच्या दहाव्या दिवशी मी वहिनीसमोर हात पुढं करून शब्द दिला की या घरात पुन्हा कुणी गिलास उचलणार नाही, मी तर मरेस्तोवर नाही.  तिनं फक्त माझ्या हातावर हात ठेवला होता.

म्हणून त्या दिवशी पबातून घरी आलो ते मी मुलीला सांगितलं नाही. चर्च पाहिलं, एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी पुन्हा तिथंच उभा. मला त्या अंगणातलं गवत झोपू देत नव्हतं. मी बाईला फोनमधून म्हणालो, मी शेतकरी आहे, मला हे निंदू द्या. फोननं निंदण्याचं काय केलं कोण जाणे, ती आधी गोंधळली. मग मी खाली बसून मुठीनं गवत उपटून दाखवलं. ती हसली, आणि मागच्या खोलीतून एक लहानसं पातं, एक कुदळीसारखं हत्यार आणि हातमोजे घेऊन आली. मोजे मी परत दिले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस मी रोज गेलो. मुलगी कामावर गेली की निघायचो, दुपारी जेवायला यायचो, पुन्हा जायचो, आणि ती यायच्या आधी हात घासून धुऊन बसायचो. एका बाजूनं ओळ धरून निंदायला लागलो, जसं वावरात धरतो. माती काळी, आपल्यापेक्षा ओली, आणि इतकी गांडुळं की पाहून हेवा वाटला. दगडांवरचं शेवाळ ओल्या फडक्यानं पुसलं. नावं दिसायला लागली. मी ती वाचायचो, जमेल तसं. कुणी ऐंशीचं, कुणी तीन वर्षांचं. बाई मधूनच चहा आणून द्यायची. पहिल्या दिवशी तिनं बियरचा गिलास आणला होता, मी छातीवर हात ठेवून मान हलवली, पुन्हा तिनं तो आणला नाही.

दुपारी आत लोक जमायचे. बहुतेक म्हातारे. प्रत्येकाची जागा ठरलेली. ते गिलास घेऊन बसायचे आणि तासन्‌तास तो एकच गिलास पुरवायचे. मी खिडकीतून पाहायचो. माझा भाऊ असा कधी प्याला नाही. तो उभ्यानं प्यायचा, एका दमात, कुणीतरी हिसकावून घेईल असं. ही माणसं पाहून मला बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून राग यायचा, आणि मग मी जास्त जोरानं निंदायचो.

एका बुधवारी मी फाटकाजवळच्या कोपऱ्यात काम करत होतो. तेव्हा एक म्हातारा काठी टेकत आला. तो दर बुधवारी यायचा, खिडकीजवळच्या बाकावर बसायचा, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी तो आधी अंगणात आला. भिंतीलगतच्या एका थडग्यापाशी जाऊन उभा राहिला. मी ते दोन दिवसांपूर्वी साफ केलं होतं. छान केलं होतं. कडेनं सरळ रेष, एक काडी ठेवली नव्हती. म्हातारा खाली पाहत राहिला. मग त्यानं काठी बाजूला ठेवली, गुडघ्यावर बसला आणि मोकळ्या मातीवरून हात फिरवायला लागला, जसं आपण अंधारात पडलेलं काही शोधतो तसा.

पबवाली बाई बाहेर आली. दोघं काहीतरी बोलले. तिनं तोंडावर हात नेला आणि तिची नजर अंगणभर फिरत माझ्यावर येऊन थांबली.

मला एक शब्द कळला नव्हता, तरी सगळं कळलं. तिथं बारीक केसाळ पानांचं एक रोप होतं, चार-पाच ठोंब. मी ते रान समजून उपटलं होतं आणि बाकीच्या गवताबरोबर नगरपालिकेच्या हिरव्या पेटीत टाकलं होतं. ती पेटी सकाळीच रिकामी झाली होती. चाळीस-पन्नास वर्षं मी निंदतो आहे. पीक कोणतं आणि तण कोणतं, हे मला कुणी विचारलं तर मी हसलो असतो.

मी जायला पाहिजे होतं त्याच्यापाशी. मी गेलो नाही. हत्यार भिंतीशी ठेवलं, फाटक उघडलं, आणि घरी निघून आलो. वाटेत दोनदा रस्ता चुकलो.

पुढचे तीन दिवस मी बाहेर पडलो नाही. पुन्हा खिडकीपासून दार, दारापासून खिडकी. वहिनीला फोन केला तर तिनं विचारलं, तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, हवा मानवत नाही. चौथ्या दिवशी मुलीनं माझं जाकीट धुवायला घेतलं. खिशातून एक पुठ्ठ्याची गोल चकती निघाली, गिलासाखाली ठेवतात तसली. तिच्यावर त्या चर्चचं चित्र होतं म्हणून मी ती ठेवून घेतली होती. चित्राखाली पबचं नाव होतं. मुलीनं जाकीट नाकाला लावलं.

"बाबा, तुमी तिकडे जाऊन राह्यले?"

"हाव."

"किती दिवसापासून?"

"पंधरा-वीस रोज झाले असतीन."

"पेले?"

"नाई."

ती चकती हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मोठे बाबा बी असंच म्हनत. नाई म्हनत. मी जवळ गेली की तोंड तिकडे करत."

मी खुर्चीत बसलो. मला राग आला नाही. माझ्यासमोर उभी असलेली तीस वर्षांची नर्स मला चमचा धरलेल्या नऊ वर्षांच्या पोरीसारखी दिसली. मग मी तिला सगळं सांगितलं, बुटांपासून हिरव्या पेटीपर्यंत. सांगताना माझी बोटं हलत होती आणि ती माझ्या बोटांकडंच पाहत होती. माझं सांगून झाल्यावर तिनं चकती टेबलावर ठेवली. नंतर विचारलं, त्या आजोबांना काय म्हणालात. मी म्हटलं, काहीच नाही, पळून आलो. ती म्हणाली की बुधवारी माझी सुट्टी आहे, आपण दोघं जाऊ.

बुधवारपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. गेलो तेव्हा म्हातारा त्याच्या बाकावर बसलेला होता. पबवाल्या बाईनं मला पाहिलं आणि दोन खुर्च्या ओढून दिल्या. मुलगी इंग्रजीत बोलली. मी तिला सांगितलं होतं की मी म्हणतो तेवढंच सांग, माझी बाजू मांडू नको. मी म्हणालो, ते रोप मी उपटलं. मला ओळखू आलं नाही. मी शेतकरी असून मला ओळखू आलं नाही. आणि तुम्हाला पाहून मी पळून गेलो, ते त्याहून वाईट केलं.

म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. त्याचे हात मोठे होते, बोटांची पेरं सुजलेली. तो सावकाश बोलला आणि मुलगी मला सांगत गेली. त्याची बायको तिथं पुरलेली होती. चर्च बंद पडायच्या आधी शेवटी शेवटी जी काही माणसं तिथं पुरली, त्यांतली ती एक. त्या दोघांचं लग्न याच छपराखाली झालं होतं, आता जिथं काउंटर आहे त्याच्यासमोर. ते रोप तिनं तिच्या माहेरच्या कुंपणाखालून आणलं होतं. निळी बारीक फुलं येत. ती गेल्यावर त्यानं त्यातलं थोडं घराच्या अंगणातून उचलून इथं लावलं. घर पुढं विकलं, त्यामुळं मूळ ठिकाणचं आता काही उरलं नव्हतं.

तो मला काही बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.  त्यानं विचारलं, तू शेतात काय लावतोस. मी म्हटलं, कांदा, मिरची, कापूस. कापूस ऐकून त्यानं मान वर केली. तो सगळं आयुष्य गिरणीत होता. चौदाव्या वर्षी लागला, गिरणी बंद होईस्तोवर. कापसाच्या गाठी त्यानं रोज पाहिल्या, फोडल्या, फुफ्फुसात भरून घेतल्या. पण कापसाचं झाड कसं असतं ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मी फोन काढला. मागच्या हिवाळ्यातला वहिनीनं काढलेला फोटो होता, बोंडं फुटलेली, सगळं वावर पांढरं. त्यानं चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि कितीतरी वेळ पाहिला. विचारलं, उंची किती होते. मी कमरेवर हात ठेवून दाखवला. तो म्हणाला, मला वाटायचं मोठं झाड असेल.

मग त्यानं काउंटरकडं दोन बोटं केली. बाईनं दांडा ओढून दोन अर्धे गिलास भरले, आणि आणून ठेवताना ती थबकली. एक म्हाताऱ्यापुढं ठेवला. दुसरा हातातच धरून तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला माहीत होतं मी घेत नाही. म्हाताऱ्याला माहीत नव्हतं. त्यानं माझ्यासमोरच्या जागेवर बोट ठेवलं.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मी सांगते त्याहिले. राहू द्या."

ती सांगत होती ते बरोबर होतं. म्हातारा समजून घेणारा होता, चहा चालला असता. पण मला त्या क्षणी वाटलं की या माणसाचं मी जे उपटलं ते मी परत लावू शकत नाही, आणि तो माझ्यापुढं हे एवढंच ठेवतो आहे, आणि हेही मी नको म्हणायचं का. हे खरं कारण होतं की मीच मला सांगितलेलं कारण होतं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. मी बाईच्या हातातून गिलास घेतला.

एक घोट घ्यायचा, म्हणून घेतला. कोमट नाही, थंड नाही, कडू. निंबाची काडी चावल्यावर येतो तसा कडूपणा, आणि मागून भाजलेल्या ज्वारीची चव. मी गिलास खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. म्हातारा बोलत होता, मुलगी त्याचं मला सांगता सांगता थांबली होती आणि माझ्या हाताकडं पाहत होती. मी तो अर्धा गिलास संपवला. मला ती आवडली.

घरी चालत येताना मुलगी दोन पावलं पुढं होती. निम्म्या रस्त्यात थांबली आणि म्हणाली, "मोठ्या आईले मी सांगनार नाई." मी म्हटलं, ते मी पाहीन.  घरी आल्यावर तिनं भाकरी केल्या, दोन, आणि मला गरम गरम वाढल्या. रुसवा नव्हता तिच्या वागण्यात, पण ती माझ्या जवळून गेली की श्वास आत ओढायची, ते मला दिसत होतं. राहिलेल्या महिन्यात मी अंगण पूर्ण निंदलं. प्रत्येक ठोंब उपटायच्या आधी फोटो काढून पबवाल्या बाईला दाखवायचो. म्हातारा दर बुधवारी यायचा, मला हात करायचा. पुन्हा मी चहाच घेतला. एकदाही दुसरं काही घेतलं नाही, पण दर बुधवारी घ्यावंसं वाटलं.

जूनच्या सुरुवातीला गावी परत आलो. पेरणी जवळ आली होती. पाचव्या दिवशी वहिनी अंगणात बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि शेंगा फोडायला लागलो. चार दिवस मी हेच ठरवत होतो की आज सांगायचं, आणि चार दिवस टाळत होतो. कांद्याच्या गप्पा झाल्या, मुलीच्या झाल्या. मग मी खाली मान घालून सांगितलं. म्हाताऱ्याचं सांगितलं, रोपाचं सांगितलं, आणि शेवटी गिलासाचं.

वहिनीचे हात थांबले नाहीत. एक शेंग, दुसरी शेंग. दाणे सुपात पडत होते.

"किती?" तिनं विचारलं.

"अर्धा गिलास."

"आवडली?"

मला 'नाई' म्हणता आलं असतं. "हाव," मी म्हणालो.

तिनं सूप बाजूला सरकवलं, पदरानं हात पुसले. मग ती म्हणाली, "तुमच्या भावानं बी पयल्या दिवशी येऊन मलेच सांगतलं होतं. इथंसाच बसले होते. म्हने, चाखली, बरी लागली. मी हासली होती भाऊजी. लगनाले वरीस झालं नोतं, मले गंमत वाटली. मंग त्याहीनं पुन्हा कधी सांगतलं नाई."

हे ती इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. मला माहीत नव्हतं, मुलीला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. वीस वर्षं मी समजत होतो की त्या दहाव्या दिवशी मी शब्द देऊन तिचं ओझं उतरवलं.

मी म्हणालो, मी पुन्हा शब्द देतो. हात पुढं केला. तिनं या वेळी हातावर हात ठेवला नाही.

"शबद नोका देऊ," ती म्हणाली. "सांगत जा फक्त."

मी वावरात निघून गेलो. ऊन डोक्यावर होतं, पाऊस पडेपर्यंत काम काहीच नव्हतं, तरी धुऱ्यानं शेवटपर्यंत गेलो आणि परत आलो, पुन्हा गेलो. हात पुढं करून दिलेला शब्द सांभाळणं सोपं असतं, तो एकदा दिला की संपतो. हे सांगणं रोजचं होतं.

तेव्हापासून मी सांगतो. संग्रामपूरला बाजाराला गेलो की स्टँडसमोर एक परमिट रूम आहे. इतकी वर्षं मी त्याच्या पाटीकडं पाहिलं नव्हतं. आता पाहतो. कधी काही वाटत नाही. कधी जिभेच्या मागच्या बाजूला तो कडूपणा येतो, आणि माझी पावलं थोडी हळू होतात, आणि मी मिरचीच्या पोत्यांपाशी जाऊन उभा राहतो. घरी येऊन वहिनीला सांगतो की आज वाटलं. पहिल्या वेळी सांगायला मला तिन्हीसांज झाली होती. आता चपला काढता काढता सांगतो. मुलीला फोनवर मी सांगितलं की मोठ्या आईला सगळं माहीत आहे. ती म्हणाली की बुधवारी ती त्या पबावरून गेली होती, म्हाताऱ्यानं तिला थांबवून विचारलं, कापूस पेरला का.

परवा बाजारातून आलो आणि वहिनीला सांगितलं की आज पाटीसमोर मी उभा राहिलो, थोडा जास्त वेळ. तिनं ऐकलं. पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि विचारलं, मिरचीचं रोप उद्या लावायचं की परवा. मी म्हटलं, उद्याच लावू.